लॅपटॉपवरचं चॅनेल हॉलमधल्या टीव्हीवर: एका घराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घरात चार माणसं: आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात. हॉलच्या भिंतीवर फुल एचडी टीव्ही. घेतला तेव्हा तो 'स्मार्ट' म्हणून घेतला होता, पण कंपनीने त्याचे अपडेट कधीचे थांबवले होते. पडदा अजून उत्तम. आतली ॲप्स मात्र एकेक करून मिटली. एखादं उघडायचंच नाही, तर एखादं 'या उपकरणावर ही सेवा उपलब्ध नाही' एवढं सांगून गप्प बसायचं.

केबलची जोडणी घराने आधीच काढून टाकली होती, कारण सगळे जे बघतात ते इंटरनेटवर मिळतं. हे 'सगळे' म्हणजे आजी सोडून सगळे, ते नंतर कळलं. आजींना तीनच गोष्टी हव्या होत्या: संध्याकाळच्या थेट बातम्या, रात्रीची एक मालिका आणि एका संस्थेच्या व्याख्यानांचं थेट प्रक्षेपण. पहिल्या दोन्हींची ॲप्स आहेत. व्याख्यानं फक्त संस्थेच्या वेबसाइटवर, म्हणजे ब्राउझरमध्येच दिसतात. मुलाला आणि नातीला थेट सामने मोठ्या पडद्यावर हवे असत.

मार्ग नातीने काढला. विंडोज लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि 'के' दाबायचं, यादीतून टीव्ही निवडायचा, लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर. टीव्हीच्या मेनूत याला 'स्क्रीन मिररिंग' म्हटलेलं होतं. पैसे लागले नाहीत, वायर ओढावी लागली नाही, म्हणून तीच घराची कायमची व्यवस्था झाली.

अडचण

काही दिवसांतच कुरबुरी सुरू झाल्या. चित्र मधेच थिजायचं आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. आवाज ओठांच्या पुढे-मागे व्हायचा. एका सेवेवर आवाज यायचा, चित्र मात्र काळंकुट्ट. सामन्यात फोनवर धावसंख्या आधी यायची आणि टीव्हीवर गोलंदाज अजून धावत असायचा.

आणि लॅपटॉप अडकून पडायचा. बातम्या चालू असताना नातीला त्यावर दुसरं काही करता येत नसे, कारण ती जे उघडेल ते हॉलमध्ये दिसणार. एकदा बातम्यांवरच तिच्या मैत्रिणीचा निरोप झळकला आणि आजींनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर नातीची परीक्षा जवळ आली की आजींच्या बातम्या बंद. "अगं, तुझं झालं की लाव," एवढंच आजी म्हणायच्या. सून म्हणायची, "आई, तुम्ही फोनवर बघा ना तोवर." फोनवरची खालची पट्टी आजींना वाचता येत नव्हती.

घराने या सगळ्याला एकच नाव दिलं होतं: नेट स्लो आहे. मला यातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच वाटते. तक्रारी निदान चार होत्या आणि त्यांची कारणं एकमेकांशी फारशी संबंधित नव्हती.

पहिला निर्णय: वेग वाढवणे

मुलाने इंटरनेटचा प्लॅन ५० एमबीपीएसवरून १०० वर नेला. फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. १०८० रेषांच्या चित्रासाठी मोठ्या सेवा साधारण ५ एमबीपीएसची शिफारस करतात, ४के असेल तर १५ च्या आसपास. टीव्ही ४के नव्हताच. घरात एका वेळी तीन ठिकाणी काही चालू असलं तरी ५० मध्ये ते सहज मावत होतं.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. चित्र थांबलं की मधे गोल फिरताना दिसतो आणि तो नेटमुळेच फिरतो, असा आपला वर्षानुवर्षांचा अनुभव. पण इथे गोल फिरतच नव्हता. त्याच क्षणी लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र सुरळीत चालू असायचं, थिजायचं ते फक्त टीव्हीवर. लॅपटॉपपर्यंत सगळं नीट येत होतं, बिघाड लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यामध्ये होता. हे कुणी दोन पडदे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं असतं तर मोठ्या प्लॅनचे पैसे वाचले असते.

तपास

मला बोलावलं गेलं ते या टप्प्यावर. पहिली चाचणी वर सांगितलेलीच, दोन्ही पडदे एकत्र बघण्याची. दुसरी, लॅपटॉपवरून राउटरला पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. मिररिंग बंद असताना उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत येत होतं. मिररिंग सुरू केल्यावर तेच मधूनमधून दोनशेच्या वर जाऊ लागलं. राउटर दहा-बारा पावलांवर, मधे एक भिंत. एवढ्या अंतराला दोनशे मिलिसेकंद म्हणजे हवेत कुठेतरी रांग लागते आहे.

टीव्ही वापरत होता ते तंत्र मिराकास्ट, वायफाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेलं. यात लॅपटॉप आणि टीव्ही राउटरला वगळून थेट एकमेकांशी वायफायने बोलतात. लॅपटॉपचं काम मात्र दुप्पट होतं. तो इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो, उलगडतो, पडद्यावर काढतो, मग तो पडदा पुन्हा व्हिडिओत गुंडाळून टीव्हीकडे धाडतो. वायफायचे दोन पट्टे इथे होते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. या घरात लॅपटॉप राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला होता आणि टीव्हीला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळत होतं. लॅपटॉपच्या वायफाय कार्डात एका वेळी एकाच वायफाय चॅनेलवर, म्हणजे एकाच लहरीवर, राहू शकणारा रेडिओ. म्हणजे एकाच माणसाने दोन खोल्यांतले दोन फोन सांभाळायचे, इकडे दोन वाक्यं बोलून तिकडे पळायचं. जास्त हालचालीच्या दृश्यात, म्हणजे सामन्यात, दोन्हीकडचं बोलणं वाढतं आणि पळापळ पुरी पडत नाही. बातम्यांत निवेदक एका जागी बसलेला असतो, म्हणून तिथे त्रास कमी. नेमकी हीच तक्रार नात करत होती, "सामन्यालाच जास्त अडकतं."

खात्री करायला लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला. आता इंटरनेट वायरने येत होतं आणि वायफायचा रेडिओ पूर्णपणे टीव्हीच्या सेवेत होता. त्याच संध्याकाळच्या सामन्यात अडखळणं जवळजवळ संपलं.

इथे थांबायचा मोह होता. मुलगा म्हणालाच, "झालं की मग. केबल अशीच राहू दे." पण चारपैकी एकच तक्रार मिटली होती. काळं चित्र तसंच, लॅपटॉप तसाच अडकलेला, आणि आजी नातीवर अवलंबून होत्याच.

चित्र पाठवायचं की पत्ता

पुढचा सगळा विचार या एका प्रश्नावर उभा राहिला. संगणकावरचं काही टीव्हीवर नेण्याचे दोन मुळात वेगळे प्रकार आहेत. एकात संगणक चित्र पाठवतो: एचडीएमआय वायर (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी), मिराकास्ट, किंवा ब्राउझरचा टॅब कास्ट करणं. संगणक झोपला की टीव्हीही झोपला. दुसऱ्यात संगणक फक्त पत्ता पाठवतो, 'अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणाहून आण', आणि टीव्हीला लावलेलं उपकरण तो स्वतः इंटरनेटवरून आणतं. २०१३ मध्ये आलेल्या क्रोमकास्टने ही पद्धत घराघरांत नेली. यात संगणकाचं काम रिमोटपुरतं उरतं.

गोंधळ होतो तो दोन्हींसाठी तेच चिन्ह वापरल्यामुळे. व्हिडिओच्या चौकटीतलं कास्टचं चिन्ह दाबलं तर बहुधा पत्ता जातो. ब्राउझरच्या मेनूतून अख्खा टॅब कास्ट केला तर साधारणपणे चित्र जातं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लॅपटॉपचं झाकण मिटून बघायचं. टीव्हीवर कार्यक्रम चालू राहिला तर पत्ता गेला होता.

काळ्या चित्राचाही उलगडा इथेच होतो. बऱ्याच सेवा आपलं चित्र कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित ठेवतात. वाटेतल्या प्रत्येक उपकरणाने हे संरक्षण पाळतो असं सांगावं लागतं. वायरवरच्या या व्यवस्थेला एचडीसीपी म्हणतात, मिराकास्टमध्येही ती असते. साखळीतली एक कडी नाही म्हणाली की चित्र काळं, आवाज चालू. ब्राउझरची सेटिंग बदलून ते पळवाटेने मिळवण्याचे सल्ले भरपूर मिळतात, पण पुढच्या अपडेटला ते बंद पडतात. टीव्हीवरचं उपकरण स्वतः व्हिडिओ आणत असेल तर हा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही.

पर्याय

नवा टीव्ही घेणं मुलाच्या मनात होतं. पडदा चांगला असताना निव्वळ ॲप्ससाठी टीव्ही बदलणं मला पटलं नाही, कारण नव्या टीव्हीतली ॲप्सही एक दिवस अशीच जुनी होतील.

डीएलएनएचा विचार नातीने वाचून आणला होता. संगणकावर साठवलेल्या फाइल घरातल्या टीव्हीवर दाखवायला तो चांगला, पण इथे कुणाकडेच फाइल नव्हत्या. सोडून दिला.

नातेवाइकांपैकी एकाने 'सगळी चॅनेल्स' असलेली एम३यू यादी आणि ती चालवणारं ॲप पाठवलं होतं. अशा यादीत खरं तर फक्त पत्ते असतात. काही चॅनेल्सवाल्यांनी स्वतःच खुले ठेवलेले, बरेच परवानगीशिवाय उचललेले. ते आज चालतात, उद्या मेलेले असतात, आणि ॲप कुठून आलं याचा पत्ता नसतो. ज्या खात्यातून सेवांचे पैसे भरले जातात त्याच खात्याचा पासवर्ड असलेल्या उपकरणावर असलं ॲप टाकायचं नाही, एवढ्या एका कारणावर ते बाजूला ठेवलं.

खरा विचार तिघांचा झाला: लांब एचडीएमआय केबल, टीव्हीमागे कायमचा छोटा संगणक, किंवा स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचायचं, स्वतःची ॲप्स असलेलं आणि कार्यक्रम स्वतः इंटरनेटवरून आणणारं छोटं उपकरण.

केबल सगळ्यांत भरवशाची. चित्र दुसऱ्यांदा गुंडाळलं जात नाही, विलंब नाही. पण लॅपटॉप अडकलेलाच राहतो. छोटा संगणक हा माझा आवडता पर्याय होता, कारण ब्राउझरमध्ये जे चालतं ते सगळं त्यात चालतं, व्याख्यानांसकट. मात्र त्याला कीबोर्ड-माउस लागतो, विंडोजचे अपडेट येतात, नेमकं बातम्यांच्या वेळी 'रिस्टार्ट करायचं का' विचारलं जातं. शिवाय कित्येक सेवा ब्राउझरमध्ये ॲपपेक्षा कमी रिझोल्यूशन देतात. मी आजींना लॅपटॉपवर ब्राउझर उघडून दिला आणि बातम्या लावायला सांगितल्या. त्यांनी हातात घेतलेला माउस पाहूनच माझा आवडता पर्याय बाद झाला. मग टीव्हीचा रिमोट दिला. तो त्यांनी न बघता वापरला.

काय केलं

स्टिक घेतली आणि बातम्या, मालिका, सामने तिच्यावर नेले. व्याख्यानांसाठी एचडीएमआय केबल ठेवली. महिन्यातून एखाद-दुसरी संध्याकाळ लॅपटॉप हॉलमध्ये आणायला कुणाची हरकत नव्हती.

स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून चालते असं समजून तशीच जोडली गेली होती. टीव्ही बंद केला की तिची वीज जायची आणि दर वेळी ती पहिल्यापासून सुरू व्हायला वेळ घ्यायची. कधी चालू कार्यक्रमातच परत सुरू व्हायची. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार अर्धा अँपिअर देतो, स्टिकची भूक त्याहून मोठी असते. तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीत लावल्यावर दोन्ही थांबलं.

टीव्हीच्या पाठीला चिकटून बसलेल्या स्टिकला वायफाय नीट मिळत नव्हतं, कारण मागे धातूचा पत्रा. खोक्यात आलेली वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन वापरून ती बाजूला लोंबती ठेवली आणि ५ गिगाहर्ट्झवर जोडली. स्टिकलाही लॅनची वायर द्यायची तयारी ठेवली होती, पण गरज पडली नाही. भिंतीला भोक पाडण्याआधी ही वीतभर वायर लावून बघणं शहाणपणाचं.

मग नातीच्या लॅपटॉपला स्टिक दिसेना. दोघेही 'वायफायवर', पण लॅपटॉप राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर होता. कधीतरी पासवर्ड सोपा म्हणून तिने तेच जोडलं होतं. गेस्ट नेटवर्क बहुधा पाहुण्यांना घरातल्या उपकरणांपासून वेगळं ठेवतं, मग शोधाशोध करणारे संदेश पलीकडे पोचतच नाहीत. व्हीपीएन चालू असेल तरी असंच होऊ शकतं. मुख्य नेटवर्कवर आणलं, लगेच दिसली.

आजींसाठी दोन गोष्टी केल्या. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय-सीईसी चालू केलं. प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळंच नाव देते, म्हणून ते शोधायलाच वेळ गेला. त्यामुळे टीव्हीच्या जुन्याच रिमोटने स्टिक चालू लागली. आणि स्टिकच्या पहिल्या पडद्यावर बातम्या आणि मालिका या दोन चौकटी सर्वांत पुढे ओढून ठेवल्या.

व्याख्यानांच्या बाबतीत आधी टॅब कास्ट करून पाहिला. वक्ता नीट दिसत होता, पण स्लाइडवरची बारीक अक्षरं फुटत होती, कारण चित्र पुन्हा गुंडाळलं जात होतं. वायरवर तीच अक्षरं कोरीव दिसली. वायरचे मात्र तिचे स्वतःचे नखरे होते. चित्राच्या कडा कापल्या जात होत्या. टीव्हीच्या चित्रमानात 'जस्ट स्कॅन' निवडल्यावर त्या परत आल्या. आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, तो ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्हीकडे वळवला. झाकण मिटलं की 'काहीही करू नका' ही सेटिंग वीजजोडणी असतानापुरती लावली.

एक खटक नंतर निघाली. मुलाने एक सामना मुद्दाम वायरने लावून पाहिला, तर कॅमेरा मैदानावरून फिरताना चित्र बारीक गचके देत होतं. त्याला वाटलं वायर खराब. प्रक्षेपण सेकंदाला ५० चौकटींचं (फ्रेमचं) होतं आणि लॅपटॉप टीव्हीला ६० हर्ट्झने चित्र देत होता. मग दर सेकंदाला दहा चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात आणि तेच गचके डोळ्याला जाणवतात. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये टीव्हीसाठी ५० हर्ट्झ निवडल्यावर चेंडूमागे धावणारा कॅमेरा सरळ वाहू लागला. काही स्टिकमध्ये हेच काम 'मॅच फ्रेम रेट' नावाची सेटिंग करते.

निष्पत्ती

आजी आता स्वतः टीव्ही लावतात. नातीचा लॅपटॉप तिच्या खोलीत राहतो. काळं चित्र त्या सेवेच्या स्वतःच्या ॲपवर पुन्हा दिसलं नाही. प्लॅन परत ५० वर आणला, कुणाला फरक कळला नाही.

एक तक्रार तशीच राहिली, आणि ती राहणार हे मी आधीच सांगितलं होतं. फोनवर धावसंख्या अजूनही आधी येते. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण लहान तुकड्यांत येतं. एचएलएस या प्रचलित प्रक्षेपण-पद्धतीत हे तुकडे बरेचदा सहा सेकंदांचे असतात आणि प्लेअरने निदान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करावी असा संकेत आहे. म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले, शिवाय तयारीचा वेळ वेगळा. धावसंख्या म्हणजे चार आकडे, ते लगेच पोचतात. मिररिंग काढल्याने त्यावरचा जादा विलंब तेवढा वाचला. सामन्याच्या वेळी फोनची नोटिफिकेशन बंद ठेवा, हाच उपाय मी सुचवला. मुलाने केला, नातीने नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला 'काय बघायचं' हे सगळ्यांना विचारलं गेलं, 'कोण लावणार' हे कुणीच विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मिररिंग कायमची व्यवस्था म्हणून टिकलंच नसतं. एखाद्या संध्याकाळपुरतं, पाहुण्यांना फोटो दाखवायला ते झकास आहे. घरातल्या एका माणसाचं रोजचं बघणं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर टांगायला नाही.

लॅपटॉपला लॅन केबल लावून अडखळणं थांबलं, तिथेच आम्ही थांबलो असतो तर बाहेरून प्रकरण मिटल्यासारखं दिसलं असतं. तक्रारी कागदावर वेगवेगळ्या लिहिलेल्या होत्या, म्हणून उरलेल्या तीन डोळ्यांसमोर राहिल्या.

स्टिकची निवड मात्र थोडी घाईत झाली. तिला अपडेट किती वर्षं मिळणार हे घेताना पाहिलं नाही. टीव्ही ज्या कारणाने मागे पडला तेच कारण स्टिकलाही लागू आहे. फरक इतकाच की ती उपसून दुसरी लावता येते. खात्यावर एका वेळी किती पडदे चालतात हेही तपासायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात नात तिच्या खोलीत मालिका बघत होती, सून प्रवासात फोनवर, आणि आजींच्या टीव्हीवर 'खूप उपकरणं चालू आहेत' अशी सूचना आली. आता नऊ ते साडेनऊ नात त्या खात्यातून बाहेर राहते.

ॲप नसलेल्या वेबसाइटवर आजींचं बघणं वाढलं तर टीव्हीमागच्या छोट्या संगणकाचा विचार पुन्हा करावा लागेल. तेव्हा माउसऐवजी हवेत धरून चालवायचा पॉइंटर रिमोट आजींच्या हाती देऊन बघायचं ठरलं आहे.